यंत्रानेही थोडे थांबावे

भिवंडीच्या एका गोदामात काम करणारा माझा जुना विद्यार्थी परवा भेटला. काय काम करतोस, विचारले तर म्हणाला, "पिकिंग, सर. रॅकमधला माल काढून क्रेटमध्ये टाकायचा. पुढचं मशीन बघतं." मग हळूच म्हणाला, "मशीन थकत नाही, हीच पंचाईत आहे."

पार्सलांची विभागणी यंत्राला सोपी जाते. लेबल वाचायचे आणि पिनकोडप्रमाणे खान्यात टाकायचे. हा सहा आकडी पिनकोड १९७२ साली श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी माणसाने देशाला दिला. २०१९ मध्ये फ्लिपकार्टने बेंगळुरूच्या केंद्रात विभागणीसाठी रोबो आणले. पण काचेची बाटली, साडी, चार्जर अशा नाना वस्तू रॅकमधून उचलणे हे बहुतेक ठिकाणी अजून माणसाच्या बोटांचेच काम आहे.

खरी अडचण या दोघांचा मेळ घालण्याची आहे. हात मागे पडले तर यंत्र रिकामे फिरते. हात फार पुढे गेले तर खाने भरतात आणि पट्टा थांबतो. यावर चांगला उपाय म्हणजे ऑर्डरी लहान लहान गटांत सोडणे आणि मध्ये थोडा माल राखून ठेवणे. सोपा उपाय म्हणजे यंत्राचा वेग कायम धरून माणसाला पळवणे. हातातल्या स्कॅनरवर टार्गेट दिसते. वरच्या कप्प्यातले जड खोके आणि हाताशी असलेली साबणाची वडी, दोन्ही त्याला एकच 'नग'.

याच भिवंडीत यंत्रमाग आहे. धागा तुटला की माग थांबतो, कारागीर गाठ मारतो, मग माग पुन्हा चालू होतो. तिथे यंत्र माणसाच्या हाताची वाट पाहते. मग गोदामात का नाही?

कॅलिफोर्नियात २०२२ पासून कायदा आहे: गोदाम कामगाराला टार्गेट लेखी सांगावे लागते, आणि जेवणाची सुट्टी किंवा लघवीला जाणे बुडेल असे टार्गेट लावता येत नाही. आपल्याकडेही असा स्पष्ट नियम हवा.

माझा रोबोला विरोध नाही. त्याने ओझे उचलावे, पायपीट वाचवावी. पण शिक्षक म्हणून एक गोष्ट मी जाणतो. वर्गाचा वेग नुसत्या वेळापत्रकावरून ठरवला की अभ्यासक्रम पुरा होतो आणि मुले मागे राहतात. गोदामातही पार्सल वेळेवर पोहोचेल, पण ते उचलणाऱ्या पोराची कंबर चाळिशीपर्यंत टिकेल का, हे कोणीतरी विचारायला हवे.