पहिली नोकरी : माणसाच्या राखणीची

माजी विद्यार्थ्यांची यादी चाळताना शिक्षक, परिचारिका, पोलीस, तलाठी, लिपिक, अभियंता अशी पदे नजरेत भरतात. त्या प्रत्येक पदामागे एका आईची मजुरी आणि एका पिढीची जिद्द उभी आहे; त्यांचा अभिमान बाळगणे योग्यच आहे. कारखान्यातील सुरक्षा अधिकारी हे पद मात्र आपल्या बोलण्यात क्वचितच येते. आले तरी ‘सिक्युरिटी’ म्हणजे फाटकावरची रखवाली असे समजून पालक नाक मुरडतात. हा समज आधी दूर केला पाहिजे.

सुरक्षा अधिकारी राखण करतो ती माणसाची. यंत्राच्या फिरत्या भागावर जाळी आहे की नाही, उंचावर चढलेल्या कामगाराचा पट्टा भक्कम आधाराला अडकवला आहे की नाही, टाकीत माणूस उतरवण्यापूर्वी आतील हवा तपासली आहे की नाही, हे पाहणे आणि त्रुटी दिसताच काम थांबवण्यास सांगणे, हे त्याचे कर्तव्य. कष्टकऱ्यांच्या घरांतून आलेल्या, विज्ञान व तंत्रशिक्षण घेतलेल्या मुलामुलींनी या क्षेत्राकडे गांभीर्याने पाहावे आणि त्यांना त्याच्या उंबरठ्यापर्यंत पोहोचवण्याची जबाबदारी समाजाने घ्यावी, असे आमचे स्पष्ट मत आहे.

या मताला इतिहासाचा आधार आहे. या देशात श्रमाची वाटणी जातीने झाली, तशी धोक्याचीही झाली. मुंबईच्या कापडगिरण्यांत विणाई खात्यातील अधिक मजुरीच्या कामापासून अस्पृश्य कामगारांना दूर ठेवले जाई. कारण धोट्यातील धागा तोंडाने ओढावा लागे आणि त्यांच्या तोंडचा धोटा इतरांना विटाळ वाटे. गटारात उतरताना मात्र हा विटाळ कोणाला आठवला नाही. हाताने मैला साफ करून घेण्यास आणि संरक्षक साधनांविना माणसाला गटारात उतरवण्यास २०१३ च्या कायद्याने मनाई आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूंची भरपाई १० लाखांवरून ३० लाख रुपये केली. तरीही मृत्यूच्या बातम्या थांबलेल्या नाहीत.

हे मृत्यू दैवाने होत नाहीत. गटारातील हायड्रोजन सल्फाइड वायूला प्रारंभी कुजक्या अंड्यासारखा वास येतो. प्रमाण वाढले की घ्राणशक्तीच बधिर होते. वास थांबला म्हणजे धोका टळला असे वाटून माणूस पुढे जातो आणि कोसळतो. त्याला काढण्यासाठी घाईने उतरलेला दुसराही वर येत नाही. वायुमापक वापरला असता, हवा आत सोडली असती, कमरेचा दोर धरून वर कोणी उभे असते, तर दोघेही संध्याकाळी घरी परतले असते. हे शास्त्र जाणणारा आणि ‘कोणीही उतरायचे नाही’ असे ठणकावून सांगण्याचा अधिकार असणारा माणूस त्या झाकणापाशी हवा. तो माणूस आपल्या वस्तीतून का येऊ नये?

बाबासाहेबांचे संविधानकार म्हणून स्मरण करताना मजूरमंत्री म्हणून त्यांनी केलेल्या कार्याकडे आपले थोडे दुर्लक्षच होते. जुलै १९४२ पासून १९४६ पर्यंत व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते त्यांच्याकडे होते. डिसेंबर १९४३ मध्ये त्यांनी धनबादच्या कोळसा खाणींना भेट दिली आणि कामगारांची परिस्थिती खाणीत उतरून पाहिली. १९४६ च्या दुरुस्तीने कारखान्यातील कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. १९४५ मध्ये याच खात्यात कारखानाविषयक मुख्य सल्लागाराचे कार्यालय स्थापन झाले. देशातील कारखाने व बंदरे यांच्या सुरक्षाविषयक महासंचालनालयाचा उगम तेथे आहे आणि मुंबईत शीव येथील केंद्रीय श्रम संस्था त्याच महासंचालनालयाच्या अखत्यारीत येते. औद्योगिक सुरक्षेची पदविका घेण्यासाठी आपला विद्यार्थी तेथे पाऊल ठेवील, तेव्हा तो परक्या दारात उभा नसेल.

आता व्यवहाराकडे वळू. १९४८ च्या कारखाने अधिनियमातील कलम ४०-ब अन्वये १,००० वा अधिक कामगार असलेल्या कारखान्यात सुरक्षा अधिकारी नेमणे बंधनकारक झाले. १९८४ च्या भोपाळ वायुकांडानंतर, १९८७ मध्ये, घातक प्रक्रियांसाठी या कायद्यात स्वतंत्र प्रकरण घातले गेले. संसदेने २०२० मध्ये संमत केलेल्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत ही संख्या सर्वसाधारण कारखान्यासाठी ५००, घातक प्रक्रियेच्या कारखान्यासाठी व बांधकामासाठी २५० आणि खाणीसाठी १०० इतकी खाली आणली आहे. म्हणजे या पदाची गरज कायद्यानेच निर्माण केली आहे.

अडचण आहे ती पहिल्या पायरीची. अनुभव नाही म्हणून नोकरी नाही आणि नोकरी नाही म्हणून अनुभव नाही, या चक्रात मुले हताश होतात. नियमांतच अनुभवाची अट आहे. सर्वसाधारणपणे अभियांत्रिकी पदवीधराला कारखान्यात पर्यवेक्षक म्हणून दोन वर्षे, तर भौतिक वा रसायनशास्त्राचा पदवीधर किंवा अभियांत्रिकी पदविकाधारक याला पाच वर्षे काम केलेले असावे लागते. शिवाय राज्य शासनाने मान्य केलेली औद्योगिक सुरक्षेची पदविका लागते. म्हणून पहिल्याच दिवशी ‘अधिकारी’ ही पाटी मिळेल अशी आशा धरू नये. शिकाऊ उमेदवारी, उत्पादन किंवा देखभाल विभागातील पर्यवेक्षकपद, मेट्रोच्या वा पुलाच्या बांधकामावरील सुरक्षा साहाय्यकाचे काम, ही खरी प्रवेशद्वारे होत. मात्र रुजू होताना नियुक्तिपत्रावर पदनाम काय लिहिले आहे ते नीट वाचावे आणि सोडताना अनुभवाचा दाखला घेतल्याशिवाय बाहेर पडू नये. पाच वर्षे राबून कागदावर ‘हेल्पर’च राहिलेल्या मुलाला पुढे नियमाचे दार उघडत नाही.

दुसरा सावधगिरीचा इशारा पालकांना. ‘पंधरा दिवसांत सेफ्टी ऑफिसर, शंभर टक्के नोकरी’ अशा जाहिराती तालुक्याच्या गावांपर्यंत पोहोचल्या आहेत. त्यांच्यापायी दागिने गहाण ठेवू नयेत. नेबॉशसारख्या परदेशी प्रमाणपत्राला आखाती देशांत किंमत आहे, हे खरे. पण आपल्याकडील वैधानिक पदासाठी ते मान्यताप्राप्त पदविकेची जागा घेऊ शकत नाही. शुल्क भरण्यापूर्वी एकच प्रश्न विचारावा : ही पदविका राज्याच्या औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाला मान्य आहे काय? उत्तर लेखी मागावे. टाळाटाळ झाली की परत फिरावे.

आपल्या मुलांना एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. या पदाच्या पात्रतेत बहुसंख्य कामगारांच्या भाषेचे पुरेसे ज्ञान ही अटही आहे. इंग्रजी कमी पडते म्हणून मुलाखतीत खाली मान घालणाऱ्यांनी ती विसरू नये. इंग्रजी शिकावीच लागेल, कारण अहवाल तिच्यात लिहावे लागतात. परंतु कंत्राटी कामगार पट्टा का बांधत नाही, त्याला तो काचतो की मुकादमाच्या घाईमुळे वेळ मिळत नाही, हे ज्याला कामगाराशी बोलता येते त्यालाच कळते. मुलाखतीत ‘अपघात झाला तर दोष कोणाचा?’ असे विचारले, तर कामगाराच्या निष्काळजीपणाकडे बोट दाखवून मोकळे होऊ नये. धोका मुळातून काढता येतो का, यंत्रात बदल करता येतो का, कामाची पद्धत सुधारता येते का, हे प्रश्न आधी येतात. हेल्मेट व हातमोजे सर्वांत शेवटी. सुरक्षाशास्त्राचा हा क्रम न्यायाचाही क्रम आहे.

नोकरी मिळाल्यावर खरी कसोटी सहीच्या वेळी लागते. धोक्याच्या कामाचा परवाना टेबलावर येतो, वरिष्ठ घाई करतात आणि जागेवर न जाता सही करण्याचा मोह होतो. नवख्याला नोकरी जाण्याची भीती वाटणे स्वाभाविक आहे. पण न पाहता केलेली सही हा एखाद्याच्या मृत्यूचा दाखला ठरू शकतो. ज्यांच्या बापजाद्यांचे अंगठे न वाचलेल्या कागदांवर उमटवून घेतले गेले, त्यांनी तरी आपल्या सहीचे मोल जाणावे.

शेवटी माजी विद्यार्थ्यांना विनंती. चाकण, रांजणगाव, वाळूज, तळोजा, बुटीबोरी येथील कारखान्यांत आपल्यापैकी जे आहेत, त्यांनी वर्षातून एकदा दहावी-बारावीच्या मुलांना कारखाना दाखवावा. ४ मार्चचा राष्ट्रीय सुरक्षा दिन त्यासाठी उत्तम निमित्त आहे. शिकाऊ उमेदवारीच्या जागा निघाल्या की शाळेला कळवावे. आणि दरवर्षी निदान एका विद्यार्थ्याच्या पदविकेचे शुल्क सर्वांनी मिळून उचलावे. सत्कारासाठी आणलेली शाल कपाटात पडून राहते. त्याच पैशातून घडलेला एक सुरक्षा अधिकारी मात्र रोज सायंकाळी शेकडो माणसे धडधाकट घरी पाठवील.