सत्ता गेली, बोली राहिली : कोर्लईचे चर्च

सिंदखेडराजाचे लखुजी जाधव ज्या निजामशाहीचे सरदार होते, तिचा इतिहास वाचताना बुलढाण्यातील अभ्यासकाची नजर सहसा दौलताबाद आणि अहमदनगर याच पट्ट्यात फिरते. या राज्याचे एक मोठे दुखणे मात्र समुद्रावर होते : चौल. १५२१ मध्ये पोर्तुगिजांनी तेथे किल्ला बांधायला घेतला. १५७०-७१ मध्ये निजामशाही फौजेने चौलला घातलेला वेढा निष्फळ ठरला. पुढे खाडीपलीकडच्या डोंगरावर निजामशहाने तटबंदी उभारली. १५९४ मध्ये तीही पोर्तुगिजांनी जिंकून घेतली. हाच कोर्लईचा किल्ला.

किल्ल्यातील चर्चला आज छप्पर नाही. पायथ्याच्या गावातील माउंट कार्मेल मातेचे चर्च मात्र नांदते आहे. पर्यटक दीपगृह पाहतो, तटावर छायाचित्रे काढतो आणि गावाला ‘पोर्तुगीज अवशेष’ म्हणून परततो. हा शब्दच दिशाभूल करणारा आहे.

१७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली आणि १७४० च्या तहाने चौल व कोर्लई मराठ्यांकडे आले. अधिकारी आणि धनिक निघून गेले. मागे राहिली ती साधी, कष्टकरी ख्रिस्ती कुटुंबे. त्यांची बोली ‘नॉ लिंग’, म्हणजेच ‘आमची भाषा’. तिचे बहुतेक शब्द पोर्तुगीज आहेत. पण पोर्तुगीज वाक्यात क्रियापद कर्मापूर्वी येते, तर कोर्लईत ते मराठीसारखे शेवटी येते. क्लॅन्सी क्लेमेंट्स या भाषाशास्त्रज्ञाने १९९६ मध्ये या बोलीवर संपूर्ण ग्रंथ लिहिला. जिच्या वाक्याचा सांगाडा कोकणात घडला, ती बोली लिस्बनचा अवशेष कशी ठरेल? ती कोकणची निर्मिती आहे.

राज्यकर्ते गेल्यानंतर पावणेतीनशेहून अधिक वर्षे ती टिकली कशी? याचे श्रेय बहुधा चर्चला दिले जाते आणि त्यात तथ्य आहे. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत येथील उपासनेत पोर्तुगीज भाषा होती, त्यामुळे घरातल्या बोलीला देवघराचा आधार मिळाला. परंतु एवढ्यावर थांबणे म्हणजे अर्धा इतिहास सांगणे होय. वसई, साष्टी आणि मुंबई येथेही अशाच मिश्रबोली होत्या. गोव्याचे विद्वान सेबास्तियाँव रोदोल्फो दाल्गादो यांनी १९०६ मध्ये त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. तेथील चर्चे कोर्लईपेक्षा कितीतरी मोठी. तरीही त्या बोली लोपल्या, कारण मुंबईची नोकरी आणि इंग्रजी शाळा हाताशी होती. कोर्लईच्या एका बाजूस समुद्र, दुसऱ्या बाजूस खाडी. त्यात धर्मांतरामुळे शेजारच्या गावांशी रोटीबेटी व्यवहार तुटलेला. लग्ने गावातल्या गावात होत राहिली. या बोलीच्या दीर्घायुष्यात श्रद्धेइतकाच जातिव्यवस्थेने घातलेल्या बहिष्काराचाही वाटा आहे, हे गौरवाच्या भरात विसरले जाते.

यानंतरची घटना अधिक विचार करायला लावणारी आहे. १९६२ ते १९६५ या काळात भरलेल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेत लोकभाषेला वाट मोकळी केली. कोर्लईत मराठी आली. लोकांना प्रार्थना समजावी, हा हेतू योग्यच होता. शाळाही मराठीच होती. पण ‘लोकभाषा’ म्हणून मराठी निवडली गेली, तेव्हा तिच्याहूनही स्थानिक असलेली नॉ लिंग विचारातच आली नाही. तिला लिपी नाही, छापील ग्रंथ नाही, प्रमाणरूप नाही. म्हणजे लोकभाषेचा मान मिळवण्यासाठीसुद्धा भाषेला आधी प्रतिष्ठित असावे लागते! ज्या चर्चने नकळत ही बोली सांभाळली, त्याच चर्चमध्ये तिचा आधार एका उदार सुधारणेमुळे सुटला.

आज तिचे भाषक जेमतेम हजाराच्या आसपास आहेत. मराठीच्या बोलींमध्ये तिची गणना होत नाही आणि पोर्तुगीज वाङ्मयाच्या अभ्यासातही ती कडेलाच राहते. महाराष्ट्राच्या इतिहासाचा विद्यार्थी मोडी शिकतो, फारसी शिकतो, आणि ते आवश्यकच आहे. त्याच गांभीर्याने चर्चच्या बाप्तिस्मा व विवाह नोंदवह्यांकडेही पाहायला हवे. १५६३ च्या ट्रेंट परिषदेपासून कॅथलिक धर्मग्रामांना अशा नोंदी ठेवणे बंधनकारक आहे. कोर्लईच्या वडीलधाऱ्यांच्या तोंडची गाणी आणि म्हणी ध्वनिमुद्रित करण्याचे काम तर त्याहून निकडीचे आहे, आणि त्यासाठी चर्चच्या अंगणापेक्षा सोयीची जागा त्या गावात दुसरी नाही.