आतड्यातील पहारा आणि आपले कर्तव्य

'व्याधिक्षमत्व' हा शब्द औषधांच्या वेष्टनांवर इतका स्वस्त झाला आहे की, त्याचा मूळ आशयच लोपू पाहत आहे. चक्रपाणींनी त्याचे दोन अर्थ सांगितले आहेत : उत्पन्न व्याधीच्या बलास विरोध करणे आणि व्याधी उत्पन्नच न होऊ देणे. लहान आतड्यात ही दोन्ही कार्ये सतत चालू असतात.

आतड्याच्या अस्तरात दर दहा पेशींमागे साधारणतः एक लिम्फोसाइट पहाऱ्यास असते. या पेशी चेतविल्यास इंटरफेरॉन निर्माण होते, शेजारच्या अस्तरपेशी विषाणूविरुद्ध सज्ज होतात आणि नोरोव्हायरसचा संसर्ग रोखला जातो, असे २०१५ साली उंदरांवरील प्रयोगांत आढळले. अस्तराखालील पेशींपासून आयजीए प्रतिद्रव्ये मिळतात. तान्ह्या बालकास ती मातेच्या दुधातूनही लाभतात.

हा पहारा रोटाव्हायरसची ओळख आधीच करून घेऊ शकतो. म्हणूनच ती लस तोंडावाटे देतात. महाराष्ट्रात २०१९ पासून ती शासकीय लसीकरणात ६, १० व १४ आठवड्यांच्या वयास मिळते. तथापि, भारतीय लसीच्या चाचणीत पहिल्या वर्षी तीव्र रोटाव्हायरस-अतिसारापासून मिळालेले संरक्षण निम्म्याहून थोडेच अधिक होते. लस घेतलेल्या बालकासही अतिसार होऊ शकतो, आणि तेथे आपली जबाबदारी सुरू होते.

चिमूर परिसरातील जंगलालगतच्या गावांतून येणारी माता पुष्कळदा प्रथम आपल्याच दवाखान्याची वा औषधालयाची पायरी चढते. कुडा आमच्या रानचाच. पण आमातिसारात आरंभीच स्तंभन देऊ नये, हा चरकांचा निषेध विसरून कुटजाची गोळी हाती ठेवणे शास्त्रास धरून नाही. विषाणुजन्य अतिसारात प्रतिजैविकही निरुपयोगी होय. बालक दगावते ते जलक्षयाने. म्हणून आमचे स्पष्ट मत असे की, प्रथम ओआरएस द्यावे, स्तनपान चालू ठेवावे आणि १० ते १४ दिवस झिंक द्यावे : सहा महिन्यांखालील बालकास रोज १० मिलिग्रॅम, त्यावरील बालकास २० मिलिग्रॅम. अन्न घेणाऱ्या बालकास लाजमंड वा पेया अवश्य द्यावी. मात्र ती ओआरएसच्या जागी नव्हे.

डोळे खोल गेले, मूल सुस्त झाले वा पाणी पिईनासे झाले, तर विलंब न लावता रुग्णालयात पाठवावे. औषधालयचालकांनी ओआरएस व झिंक सदैव दर्शनी फळीवर ठेवावे आणि लसीकरणपत्र पाहण्याची सवय लावून घ्यावी. व्याधिक्षमत्वाची याहून खरी सेवा दुसरी नाही.