शहरातली माणसं झाडासाठी हरकत घेतात, आपण बांधावर गप्प का?



2025 च्या नोव्हेंबरात नाशिकहून पुतणीनं एक व्हिडिओ पाठवला. तपोवनात झाडांपाशी माणसं जमलेली, हातात पाट्या. 2027 च्या कुंभमेळ्यात साधुग्रामासाठी जागा करायची म्हणून महापालिकेनं तिथली झाडं तोडायची नोटीस काढली होती. आकडा सतराशे-अठराशेच्या घरात. लोक रस्त्यावर आले, सयाजी शिंदेंसारखा नटही तिथं जाऊन उभा राहिला. तो व्हिडिओ मी टपरीवर चारजणांना दाखवला. एकजण म्हणला, "पोट भरलेल्यांचे उद्योग आहेत हे. एक दिवस उसाच्या फडात उभं करा ह्यांना." सगळे हसले. मीपण हसलो.

संध्याकाळी तिचा फोन आला. म्हणली, "काका, मी लेखी हरकत दिली. पहिल्यांदाच असलं काही केलं." मग सहज विचारलं, "आपल्या विहिरीवरचा लिंब कसा आहे?" तो लिंब मी चार वर्षांमागं तोडून विकला होता. मला सांगता आलं नाही. म्हणलं, "आहे की."

त्या दिवसापासून हा विषय डोक्यात आहे. आज जरा सविस्तर लिहितो.

शहरात झाडासाठी 1975 चा कायदा आहे. महापालिका असो की नगरपालिका, तिथं वृक्ष प्राधिकरण असतं. झाड तोडायचं तर अर्ज करायचा, पेपरात जाहिरात द्यायची, आणि त्या झाडालाच नोटीस लावायची. सात दिवसांत कुणीही नागरिक हरकत घेऊ शकतो. झाड त्याच्या मालकीचं असायची गरज नाही. 2021 मध्ये त्यात दुरुस्ती झाली. पन्नास वर्षांच्या पुढचं झाड वारसा वृक्ष धरायचं, आणि जेवढं त्याचं वय तेवढी नवी झाडं लावून सात वर्षं सांभाळायची.

सगळं कागदावरच्यासारखं होतं असं नाही. मुंबईच्या आरेचं सगळ्यांना माहीत आहे. मेट्रोच्या कारशेडसाठी झाडं तोडायला लोकांचा विरोध होता. 4 ऑक्टोबर 2019 ला हायकोर्टानं याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री करवती चालू झाल्या. कायद्याच्या विद्यार्थ्यांनी पत्र लिहिलं, त्यावरून सुप्रीम कोर्टानं 7 तारखेला तोड थांबवली. तोवर 2,141 झाडं आडवी झाली होती. पुढं 2023 च्या एप्रिलमध्ये, परवानगीपेक्षा जादा झाडं तोडायला निघाले म्हणून त्याच कोर्टानं मेट्रो कंपनीला 10 लाखांचा दंड केला. ह्यातून मी एवढंच शिकलो की करवत कागदापेक्षा पळते. म्हणून कागद आधी तयार पाहिजे.

कुणी म्हणेल, हे सगळं शहराचं. पण सांगली जिल्ह्यातलं भोसे आपल्यासारखंच गाव. रत्नागिरी-नागपूर महामार्ग, जो पुढं सोलापूर-तुळजापूरवरून जातो, त्याच्या आड तिथला जुना वड येत होता. चारशे वर्षांचा म्हणतात. 2020 मध्ये गावकरी आणि झाडांसाठी काम करणारी पोरं त्याच्याखाली जमली. राज्याच्या पर्यावरणमंत्र्यांनी केंद्राला पत्र लिहिलं आणि रस्ता बाजूला सरकवला गेला. सरकारी नकाशात रेघ हलते, फक्त कुणीतरी वेळेत बोललं पाहिजे.

आता आपलं बघू. खेड्यात 1964 चा झाडतोडीचा कायदा आहे. त्याच्या यादीत साग, आंबा, चिंच, जांभूळ, मोह, चंदन, खैर अशी सोळा नावं आहेत. ही झाडं तोडायला परवानगी लागते. पण त्या यादीत वड नाही, पिंपळ नाही, कडुलिंब नाही, बाभळ नाही. म्हणजे बांधावर ज्या झाडांखाली आपण भाकरी सोडतो, बैलं बांधतो, त्यांना त्या यादीचा आधार नाही. त्यांचा वाली आपणच, आणि तोडणारेपण आपणच.

मी लिंब का तोडला, ते सांगतो. सावलीत उसाच्या चार सऱ्या खुरटायच्या. शिवाय कुणीतरी सांगितलं की हुमणीचे भुंगे लिंबावर येतात, झाड काढलं की हुमणी जाईल. भुंगे लिंबावर, बाभळीवर, बोरीवर येतात हे खरं. पण वळवाचा पाऊस पडला की अंधार पडताना ते तिथं जमतात, म्हणूनच फांद्या हलवून, खाली पडलेले गोळा करून रॉकेलच्या पाण्यात टाकता येतात. झाड गेलं, भुंगे राहिले. आता ते कुठं बसतात हेच कळत नाही. सऱ्या चार सुधारल्या, हुमणी आहे तशीच आहे.

दुसरं. हरभऱ्यात घाटेअळीला पक्षीथांबे लावा म्हणून कृषी सहायक सांगतात, बरोबरच सांगतात. कोतवाल, साळुंक्या बसतात, अळ्या टिपतात. पण गंमत बघा, बांधावरची झाडं तोडून आपण रानात टी आकाराच्या काठ्या रोवतो. लिंब तोडला आणि निंबोळी अर्क दुकानातून बाटलीत आणतो. घरची पाच किलो निंबोळी वाळवून, कुटून, शंभर लिटर पाण्यात पाच टक्क्यांची फवारणी व्हायची. आता त्याचे पैसे मोजतो.

तिसरं, 2025 च्या सप्टेंबरातला पाऊस. परंडा-भूमला जे झालं ते सांगायला नको, कितीतरी जणांची मातीच गेली. झाडानं महापूर अडतो असं मी म्हणणार नाही, तेवढ्या पाण्यापुढं काहीच टिकत नाही. पण माझ्या डोळ्यानं बघितलं ते सांगतो. ओढ्याकडंच्या माझ्या बांधाला जिथं करंज आणि बाभळी होत्या तिथं बांध खचला पण जागेवर राहिला. जिथं मी साफ केलं होतं तिथं तीन ठिकाणी भगदाडं पडली. भरायला ट्रॅक्टरचे पैसे गेले ते लिंबाच्या लाकडापेक्षा जास्त.

राहिला प्रश्न "एक तोडू, दहा लावू" ह्याचा. ही भाषा फसवी आहे हे शेतकऱ्याइतकं कुणाला कळणार? आपण रोप जगवणारी माणसं. मार्च ते जून रोपाला पाणी कोण घालतं, शेळीपासून कोण राखतं, ते आपल्याला माहीत आहे. 2016 च्या उन्हाळ्यात माणसाला टँकर होता, रोपाला कोण देणार होतं? जुनं झाड खालचं पाणी स्वतः शोधून जगतं. रोप तेवढं खोल जाईपर्यंत आपल्या कळशीवर जगतं. आणि आमच्या सोनारीत तर भैरवनाथाची माकडं आहेत. त्यांना रोपाची सावली देऊन बघा! झाडं तुटतील तशी ती आपल्याच पिकात आणि पत्र्यावर येणार, मग आपणच ओरडणार.

तर शहरातल्यांकडून काय घ्यायचं? मोर्चा काढा असं मी म्हणत नाही. त्यांची कागदाची सवय घ्या. तीन गोष्टी आपल्या हातात आहेत.

एक, ई-पीक पाहणी करताना बांधावरची झाडं नोंदवायची सोय त्याच ॲपमध्ये आहे. आपण पीक टाकतो आणि बंद करतो. झाडं टाका. उद्या रस्त्यात नाहीतर कालव्यात जमीन गेली तर झाडाची किंमत मागताना नोंद दाखवता येते.

दोन, 2002 च्या जैवविविधता कायद्यानं प्रत्येक ग्रामपंचायतीत समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही असायला पाहिजे. ग्रामसभेत ती वही मागा. गावातला प्रत्येक जुना वड, पिंपळ, चिंच, त्याचा घेर आणि जागा त्यात आहे का बघा. नसली तर लिहायला लावा. नुसत्या वहीनं करवत थांबत नाही, पण भांडायला पायाखाली काहीतरी लागतं.

तीन, गावच्या रस्त्याचं काम निघालं की पहिल्याच ग्रामसभेत विचारा, झाडं किती जाणार, बदल्यात कुठं लावणार, तीन उन्हाळे पाणी कोण घालणार. ठरावात लिहून घ्या. मशीन आल्यावर विचारून काही होत नाही.

आता माझी परीक्षा. सामाईक बांधावर आजोबांच्या काळची चिंच आहे. शेजारी माझाच चुलतभाऊ. त्याच्या बाजूला सावली जास्त पडते, त्याचं पीक मार खातं, त्याचं म्हणणं खोटं नाही. लाकूडवाला येऊन चौदा हजार बोलून गेलाय, दोघांत निम्मे. परवानगीचं मी बघतो म्हणला. मला त्या सात हजारांची गरज नाही असं बोललो तर खोटं होईल, सोसायटीचं देणं आहे.

पण मी भावाला म्हणलं, "आबा, झाड ठेवू. चिंच सगळी तू घे, बार्शीला ने, वीक. झोडपायचा खर्च निम्मा मी देतो. आणि सावलीखालच्या पट्ट्यात ज्वारीऐवजी कडवळ कर, नाहीतर हळद लावून बघ." तो म्हणला, "चिंच एक साल येते, एक साल रुसते. सावली मात्र दरसाल पडते." हेही खरंच. अजून त्यानं हो म्हणलं नाही. पाडव्यापर्यंत विचार करतो म्हणलाय.

अशा पट्ट्यात कुणी काही पीक घेऊन बघितलं असेल, निदान कडवळाचा अनुभव असेल, तर जाणकारांनी जरूर सांगा. मला आबाला दाखवायला काहीतरी पाहिजे. नुसत्या पर्यावरणाच्या गोष्टींवर तो ऐकणार नाही, आणि का ऐकावं त्यानं?

पुतणीला काल फोन केला. लिंबाचं खरं सांगून टाकलं. बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणली, "काका, मग चिंचेला तरी हरकत घ्या."

घेतली आहे बाई. निकाल आबाकडं आहे.