खोक्याची काळजी, माणसाची नाही

अमेरिकेत कुरिअरने बंदूक पाठविण्याचे नियम वाचले, की भांडवलशाहीची विवेकबुद्धी नेमकी कोठे जागी होते ते कळते. बंदूक रिकामी हवी, काडतुसे वेगळ्या खोक्यात हवीत, पुठ्ठा दणकट हवा, घेणाऱ्या प्रौढाची सही हवी. एवढी दक्षता खोक्याबाबत!

१९२७ साली अमेरिकन काँग्रेसने खिशात लपविता येतील अशा बंदुका टपालाने पाठविण्यास बंदी केली. खाजगी एक्सप्रेस कंपन्यांना मात्र हात लावला नाही. सरकारने आपली खिडकी बंद केली आणि धंदा शेजारच्या खिडकीवर गेला, एवढाच या कायद्याचा पराक्रम. १९६३ च्या मार्चमध्ये ओस्वाल्डने खोट्या नावाने मागविलेली रायफल शिकागोहून टपालाने डल्लासला आली. त्याचे रिव्हॉल्व्हर लॉस एंजेलिसहून रेल्वे एक्सप्रेसने आले. रायफल लपविण्याजोगी नव्हती, म्हणून टपाल खुले. रिव्हॉल्व्हर लपविण्याजोगे होते, म्हणून कंपनी खुली. नोव्हेंबरात पहिल्या शस्त्राने राष्ट्राध्यक्ष केनेडी मारले गेले, दुसऱ्याने एक पोलीस. तरीही ग्राहकाला परराज्यातून परस्पर बंदूक धाडण्याच्या व्यापारावर बंदी यायला १९६८ उजाडले. मध्यंतरी मार्टिन ल्यूथर किंग आणि रॉबर्ट केनेडी यांचेही बळी पडले.

पुढे १९९३ च्या ब्रॅडी कायद्याने आणखी एक तरतूद केली: आत शस्त्र आहे असे दर्शविणारी चिठ्ठी खोक्याच्या बाहेर लावण्याची सक्ती वाहतूक कंपनीने करू नये. हेतू चोरी टाळण्याचा. आणि तो खोटा होता असे म्हणता येणार नाही, कारण अशी चिठ्ठी म्हणजे चोराला आमंत्रणच. पण परिणाम काय? परवाना नसलेल्याकडे परराज्यात शस्त्र पाठविताना कंपनीला लेखी सूचना देण्याचे बंधन पाठविणाऱ्यावर आहे. ते खोके प्रत्यक्ष उचलणाऱ्या हमालाला पुठ्ठा काहीच सांगत नाही. माहितीचा हक्क कचेरीला, ओझे पाठीला! १९९९ मध्ये यू.पी.एस.ने चोऱ्यांचे कारण देऊन पिस्तुले महागड्या दुसऱ्या-दिवशी-पोच हवाई सेवेनेच घ्यायचे ठरविले. संशयाचा रोख कंपनीच्या स्वतःच्याच कामगारांवर होता. शस्त्राच्या व्यापाराने मात्र नफ्याबरोबर कोणतीही जबाबदारी उचलली नाही.

खेळणी, औषधे आणि पिस्तुले एकाच गाडीतून जावीत, हे कोणत्या अर्थशास्त्रात बसते? अशा मालाची ने-आण स्वतंत्र, सार्वजनिक नियंत्रणाखाली, तिचा खर्च उत्पादकांकडून वसूल करून आणि कामगाराला पूर्ण माहिती देऊनच झाली पाहिजे. कंपन्यांच्या दरपत्रकातील अटींना कायद्याची जागा देऊन हे साधणार नाही. ती दरपत्रके कंपनी वाटेल तेव्हा बदलू शकते.