हेल्मेट : माप, मजबुती आणि मनपसंती

नवी दुचाकी घ्यायची म्हटली की घरात महिनाभर चर्चा चालते. मायलेज, रंग, कर्जाचा हप्ता, विमा या साऱ्यांची काटेकोर छाननी होते. हेल्मेट मात्र अनेकदा रस्त्याकडेच्या ढिगातून, भावाची घासाघीस करून उचलले जाते. ज्या खरेदीवर जीव अवलंबून असतो, तिलाच सर्वांत कमी वेळ मिळतो.

'लॉरेन्स ऑफ अरेबिया' म्हणून ख्यातकीर्त झालेले टी. ई. लॉरेन्स १९३५ मध्ये मोटारसायकलच्या अपघातात डोक्याला मार लागून निवर्तले. त्यांच्यावर उपचार करणाऱ्यांत मेंदूचे शल्यविशारद ह्यू केर्न्स होते. अशा इजांचा पुढे त्यांनी सखोल अभ्यास केला आणि १९४१ मध्ये तो प्रसिद्ध केला. हेल्मेटच्या उपयुक्ततेची शास्त्रीय मांडणी तेथून रुजली.

आपल्याकडे १ जून २०२१ पासून दुचाकीस्वारांचे हेल्मेट आयएसआय चिन्हांकित असणे बंधनकारक आहे. खरेदी करताना या चिन्हासोबत आयएस ४१५१ हा मानक क्रमांक आणि उत्पादकाचा परवाना क्रमांक पाहावा. केवळ चिकटवलेल्या चिन्हावर विसंबू नये. पक्के बिल मागावे.

हेल्मेटचे बाहेरचे कवच टणक असते. पण आघाताचा मोठा भार आतला थर्माकोलसारखा दाट थर सोसतो. तो चेपला जातो आणि मेंदूला बसणारा धक्का सौम्य होतो. एकदा चेपलेला थर पूर्ववत होत नाही. म्हणून अपघातात सापडलेले हेल्मेट वरून धड दिसले तरी बदलावे आणि कोणाचे जुने हेल्मेट वापरू नये.

माप घेताना भुवयांच्या किंचित वर फीत गुंडाळून डोक्याचा घेर मोजावा. हेल्मेट घातल्यावर गालांना घट्ट स्पर्श व्हावा, मात्र कपाळावर एका जागी टोचू नये. पट्टा बांधून मागची कडा पुढे ढकलून पाहावी. हेल्मेट निसटत असेल तर ते निरुपयोगी. दुकानात दहा मिनिटे घालून बसण्यात संकोच नसावा. अंबाडा घालणाऱ्या भगिनींनी तो मानेलगत खाली बांधावा, अन्यथा हेल्मेट नीट बसत नाही.

हनुवटीचेही रक्षण व्हावे यासाठी पूर्ण चेहरा झाकणारे हेल्मेट श्रेयस्कर. काळी काच दिवसा शोभते. रात्री ती दृष्टी मंदावते. तरुणांचा रंग-नक्षीचा हट्ट मात्र थोरांनी हसण्यावारी नेऊ नये. जे आवडते तेच रोज डोक्यावर चढते; न आवडलेले आरशाला लटकते. सुरक्षेची अट पूर्ण झाल्यावर रंग मुलांनाच निवडू द्यावा.

मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ नुसार मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट आवश्यक आहे. अनेक घरांत चालविणाऱ्याचे हेल्मेट असते. मागे बसणारी आई किंवा पत्नी उघड्या डोक्याने जाते. तिच्यासाठी 'जवळच तर जायचे आहे' ही सबब पुढे केली जाते. नियमभंगास हजार रुपये दंड आहे, परंतु खरा हिशेब दंडाचा नाही. पडताना पुढचा आणि मागचा असा भेद रस्ता करीत नाही. म्हणून दुचाकीच्या अंदाजपत्रकात आरंभीच दोन हेल्मेटांची रक्कम धरावी आणि मागे बसणाऱ्याचे मापही त्याच दिवशी घ्यावे.