आपलं घड्याळ बदलत नाही, पण दुकानातल्या कॉम्प्युटरचं बदलतं!



मार्च आला की बीडच्या मोंढ्यात काय, गेवराई-माजलगावात काय, सगळीकडे एकच घाई असते. उधाऱ्या गोळा करा, स्टॉक मोजा, सीएकडे फाइल पाठवा. या गडबडीत कॉम्प्युटरच्या कोपऱ्यातल्या घड्याळाकडे कोण बघतो? आणि बऱ्याच दुकानांत नेमकं याच महिन्यात ते घड्याळ एक तास पुढे पळतं.

आधी माझीच चूक सांगतो. माझ्या क्लासमधल्या एका कॉम्प्युटरचं घड्याळ मार्चमध्ये एक तास पुढे जायचं आणि नोव्हेंबरमध्ये एक तास मागे यायचं. मी हातानं नीट करून मोकळा व्हायचो. एकदा तर मदरबोर्डवरचा सेल गेला असेल म्हणून तोही बदलला. शेवटी टाइम झोन उघडून पाहिला, तर तिथं लिहिलेलं : पॅसिफिक टाइम, अमेरिका आणि कॅनडा. म्हणजे क्लास बीडमध्ये आणि कॉम्प्युटर कॅलिफोर्नियात!

भानगड अशी आहे. अमेरिकेत उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढे करतात. २००७ पासून तिथला नियम असा : मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे, नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे. विंडोज टाकताना टाइम झोन बदलला नाही, तर अनेकदा तो पॅसिफिकच राहतो. मग कारागीर काय करतो? ऑटोमॅटिक टाइम बंद करतो आणि हातानं भारताची वेळ लावून देतो. वरून सगळं बरोबर दिसतं, आतून मात्र कॉम्प्युटर अमेरिकेचे नियम पाळत राहतो.

आपल्याकडे हा प्रकार अजिबात नव्हता असंही नाही. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ ते १९४५, ब्रिटिश सरकारनं भारताचं घड्याळ एक तास पुढे केलं होतं. आज मात्र देशभर वर्षभर एकच वेळ, ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढे. म्हणूनच आपण म्हणतो, "आपला काय संबंध?"

काही जण मला म्हणतात, "सर, गिऱ्हाइकाला माल मिळाला, पैसे मिळाले, तासाभरानं काय बिघडतं?" रोजच्या दिवशी फारसं बिघडत नाही, मान्य. पण ३१ मार्चचा विचार करा. रात्री ११ वाजून २० मिनिटांनी तुम्ही बिल फाडलं आणि कॉम्प्युटर एक तास पुढे असेल, तर सॉफ्टवेअरच्या लेखी १ एप्रिल उजाडला. जे सॉफ्टवेअर तारीख कॉम्प्युटरवरून उचलतं, त्यात ती विक्री नव्या आर्थिक वर्षात गेली. जीएसटीचा महिना बदलला, बिलाची सिरीज बदलली. नंतर सीएसमोर बसून आपणच घाम पुसायचा.

दुसरं उदाहरण ईमेलचं. टाइम झोन पॅसिफिक आणि वेळ हातानं लावलेली असेल, तर हिवाळ्यात तो कॉम्प्युटर आतून साडेतेरा तास पुढे चालतो. आउटलुकसारख्या प्रोग्राममधून सकाळी ११ ला पाठवलेल्या कोटेशनवर समोरच्याला दुसऱ्या दिवशीची रात्री साडेबाराची वेळ दिसू शकते. टेंडरला शेवटची वेळ असेल तर भांडण कुणाशी करणार?

तिसरं, सीसीटीव्हीचा डीव्हीआर. त्यातही डीएसटी नावाचं बटण असतं. ते चुकून चालू राहिलं, तर चोरीच्या फुटेजवर एक तास चुकीची वेळ पडते. पोलिसांनी "ही वेळ बरोबर आहे का?" असं विचारलं, तर तुमचा पुरावा तिथंच ढिला पडतो.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे : घड्याळ हातानं नीट करणं ही दुरुस्ती नाही, तो आजार झाकणं आहे. मी स्वतः तेच करत होतो. आणि दोष अमेरिकेच्या नियमाचा नाही, आपण न विचारता कॉम्प्युटर ताब्यात घेतो त्याचा आहे. गाडी घेताना किलोमीटर बघतो, मग कॉम्प्युटर घेताना टाइम झोन का बघू नये?

करायचं एवढंच. आधी बिलिंग बंद करा, बॅकअप घ्या, शेवटचा बिल नंबर वहीत लिहा. मग सेटिंग्जमध्ये टाइम अँड लँग्वेज, तिथं डेट अँड टाइम. टाइम झोनमध्ये "चेन्नई, कोलकाता, मुंबई, नवी दिल्ली" निवडा, पुढे +०५:३० लिहिलेलं असतं. त्यानंतर "सेट टाइम ऑटोमॅटिकली" चालू करा आणि "सिंक नाऊ" दाबा. क्रम हाच ठेवा. डीव्हीआरमध्ये डीएसटी बंद करा. लाइट गेल्यावर तारीख जुन्या वर्षात जात असेल, तर मात्र तो सेलचाच दोष. सीआर २०३२ नावाचा नाण्याएवढा सेल बदलून घ्या.

ज्यांची गिऱ्हाइकं परदेशात आहेत, त्यांनी एक ध्यानात ठेवा. न्यूयॉर्कचे सकाळचे १० म्हणजे हिवाळ्यात आपले रात्रीचे साडेआठ, उन्हाळ्यात साडेसात. लंडनचं घड्याळ मार्चच्या शेवटच्या रविवारी बदलतं, म्हणजे मधले दोन-तीन आठवडे दोघांचा हिशोब वेगळा. मीटिंग ठरवताना शहराचं नाव लिहूनच वेळ ठरवा.

दहा मिनिटांचं काम आहे. आज दुकान बंद करायच्या आधी करून टाका. खतावणी जितकी जपता, तितकंच घड्याळही जपा, कारण खतावणीतली प्रत्येक तारीख तिथूनच येते.